कोयनेच्या चढावर जळलेलं इंजिन

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांचा विषय निघाला की मी शंभर किस्से सांगायचो, आणि या एका गाडीपाशी आलो की कुणाला तरी चहा सांगायला उठायचो. आता वय त्र्याहत्तर झालं. गॅरेज मुलगा बघतो. ज्या दोघांना हे सांगायला हवं होतं ती दोघंही राहिली नाहीत. तरी लिहितो, कारण एका बाईच्या नावावर एक चूक चिकटून राहिली आहे आणि ती तिची नव्हती, माझी होती.

आधी इंजिनाबद्दल लिहितो. त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

गाडी छोटी, घरगुती. इंजिन पेट्रोलचं, बाराशे सीसीला थोडं कमी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. ताकद ऐंशी हॉर्सपॉवरच्या जराशी वर. तेल जेमतेम तीन लिटर लागायचं. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यामुळे वजनाला हलकं, पळायला चपळ. टायमिंगला पट्टा नव्हता, साखळी होती. तेल वेळेवर बदललं तर ही साखळी इंजिनाच्या जन्माला पुरायची. नाही बदललं तर सकाळी पहिल्यांदा चालू करताना डब्यात खडे हलवल्यासारखी वाजायची. सातशे-आठशे गाड्या माझ्या हाताखालून गेल्या असतील, त्यांतली ही जात मला सर्वांत शहाणी वाटायची.

दुखणी होतीच. इग्निशन कॉइल जायची, मग एक सिलिंडर मुका व्हायचा आणि गाडी सिग्नलला थरथरायची. थ्रॉटलमध्ये काजळी बसली की उभ्या गाडीचा वेग आपोआप वर-खाली व्हायचा. उजव्या बाजूचं, इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंटिंग फाटलं की स्टिअरिंग हाताला मुंग्या आणायचं. वरच्या झाकणाचं गॅस्केट कडक होऊन तेल प्लगच्या विहिरीत उतरायचं. ही सगळी दुखणी आपण होऊन बोलणारी. गाडी तक्रार करते, माणूस गाडी आणतो.

न बोलणारं दुखणं एकच होतं, पाण्याचं. हेडमधून गरम पाणी बाहेर येतं तिथं एक प्लॅस्टिकचा एल्बो होता, मनगटाएवढा, वाकडा. पाच-सहा वर्षं उष्णता खाल्ली की तो ठिसूळ व्हायचा आणि मानेजवळ केसासारखी चीर जायची. आमच्याकडे लोक कूलंटच्या जागी बोअरचं खारं पाणी ओततात, तेही आतून खायचं. त्यात या गाडीला तापमानाचा काटा नव्हता. नुसता दिवा होता. इंजिन थंड असेपर्यंत निळा, अति तापलं की लाल. आणि या दिव्याची एक खोड होती. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी तापलं तर तो खबर देतो. पण पाणीच निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि गप्प बसतो. इंजिन आत भाजत असतं आणि समोर कसलाही दिवा नसतो. हे मला ठाऊक होतं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे.

ती गाडी कडेगावकडच्या एका सुभेदारांची. फौजेतून निवृत्त होऊन आले आणि गाडी घेतली, पण तीन-चार वर्षांतच डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. मग त्यांच्या मंडळींनी ती शिकायची ठरवली. मी त्यांना वहिनी म्हणायचो. तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस. उसाचं गाळप संपून कारखान्याचं आवार रिकामं झालं, तेव्हा बैलगाड्या उभ्या राहतात त्या मैदानात त्या महिनाभर रोज सकाळी गाडी फिरवायच्या. सुभेदार शेजारी बसून फौजी हुकूम सोडायचे. लोक कुंपणाशी उभे राहून बघायचे. कुणीतरी म्हणालं, सुभेदारांनी आता घरातच पलटण उभी केली. वहिनींनी ते मला हसत सांगितलं होतं.

त्या चालवायला लागल्या आणि चांगल्या चालवायला लागल्या. दर महिन्याला सुभेदारांना मिरजेला डोळे दाखवायला न्यायच्या. महिन्यातून एखाद्या शनिवारी कोयनानगरला जायच्या. त्यांची मुलगी तिथं कॉलनीत राहायची, जावई वीजघरात नोकरीला. इतका चढाचा, वळणांचा रस्ता, पण गाडीवर साधा ओरखडा नसायचा. सर्व्हिसिंगला आल्या की काय वेगळं ऐकू येतं ते नेमकं सांगायच्या. तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, पाय थोडा दाबला की टिकटिक येते, असं. शिकलेसवरलेले पुरुष मला नुसतं "आवाज येतोय" म्हणायचे.

एका गुरुवारी त्या गाडी घेऊन आल्या. पाण्याची पातळी रोज बोटभर कमी होत होती. मी बघितलं, एल्बोच्या मानेला चीर. नवा एल्बो कोल्हापुराहून मागवावा लागणार होता, यायला दोन-तीन दिवस. वहिनींना शनिवारी नातीच्या शाळेच्या कार्यक्रमाला कोयनानगरला पोहोचायचं होतं. त्या म्हणाल्या, थांबते मी, एसटीनं जाईन. मी म्हणालो, कशाला, होऊन जाईल.

दोन पुड्या एकत्र मळून, खिडकीच्या काचेला भरतात त्या लांबीसारखा एक लगदा होतो, वाळला की दगड. तो मी चिरेवर भरला, वरून कानशीने घासला, काळा रंग मारला. ओळखू येणार नाही असं काम. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. आमच्या धंद्यात याला हातचं काम म्हणायचे. सुटा भाग बदलायला कुणीही बदलतो, जो आहे तोच चालवून दाखवतो तो खरा मेस्त्री. इंजिनावर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि कुठला बेअरिंग बोलतोय ते सांगायचं, ही माझी ख्याती होती. विचारायला लोक जतहून यायचे. त्या ख्यातीला जपत मी आयुष्य काढलं.

वहिनींना मी सांगितलं की एल्बो ठीक केला. तात्पुरता केला, हे सांगितलं नाही.

कोल्हापूरचा एल्बो आला. फळीवर ठेवला. दीड महिन्याने वहिनी सर्व्हिसिंगला आल्या तेव्हा मी टॉर्च मारून पाहिलं, माझं काम कोरडं ठणठणीत होतं. नवा भाग कशाला खर्ची घालायचा म्हणून तसंच सोडलं. पुढे तो दुसऱ्याच गाडीला लागला. माझ्या मनातून ती चीर पुसली गेली.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी, मार्चमध्ये, भर दुपारी गॅरेजमध्ये वहिनींचा फोन आला. पाटण मागे टाकून त्या कोयनानगरच्या चढाला लागल्या होत्या. आवाजात घाबरटपणा नव्हता.

"मेस्त्री, गाडी वढंना झालीया. आन् टकटक वाजतीया. मी बाजूला घिऊन बंद केलीया."

मी विचारलं, लाल दिवा लागलाय का?

"न्हाई. दिवा न्हाई लागला. पर काय तरी करपल्यागत वास येतोय."

इथं मला कळायला हवं होतं. ओढ कमी, टकटक, वास आणि दिवा नाही, म्हणजे पाणी गेलं. शिकाऊ माणसालाही ही चार लक्षणं एका ओळीत उभी केली तर उत्तर येईल. पण त्या वेळी माझ्यासमोर एक गिऱ्हाईक उभं होतं आणि मी त्याला माझ्या कानाची करामत दाखवत होतो. फोन खांदा आणि गालाच्या मध्ये धरलेला. बॉनेट उघडून पाणी बघा, एवढं एक वाक्य मी बोललो नाही. मी म्हणालो, "दिवा नाही ना? मग काही नाही, पेट्रोल खराब असंल. पाच मिनिटं थांबा आणि हळूहळू कॉलनीपर्यंत काढा."

त्या म्हणाल्या, "चालवू म्हंता?"

"चालवा," मी म्हणालो.

त्यांनी चालवली. साडेतीन-चार किलोमीटर गेल्यावर इंजिन जाग्यावर धरलं, जाम झालं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी कुपवाडला आली. ती मी एकट्याने उतरवून घेतली आणि एकट्याने उघडली. माझा लगदा निघून गेला होता, तिथं नखभर फट होती. पाण्याचा थेंब नव्हता. हेडवर पट्टी ठेवली तर मधून उजेड दिसत होता, इतकं ते वाकलं होतं. दोन पिस्टनच्या अंगावर ओरखडे. सुभेदार आणि वहिनी एसटीने येतो म्हणाले होते. त्यांच्या यायच्या आत मी तो एल्बो काढला आणि भंगाराच्या पिंपात, तळाशी टाकला.

सुभेदार आले ते काठी टेकत. त्यांना मधलं अंधूक आणि कडेचं काहीच दिसत नसे. हेडवर हात फिरवत त्यांनी विचारलं, "मेस्त्री, खरं काय त्ये सांगा. बायकूची बाजू घिऊ नका. गाडी गेली कशानं?"

मी म्हणालो, "तापली होती. तापल्यावर चालवली गेली."

यात एकही शब्द खोटा नव्हता. आजवर मी स्वतःला हेच सांगत आलो.

वहिनी म्हणाल्या, "आवं, दिवा लागलाच न्हाई."

सुभेदार म्हणाले, दिवा लागल्याबिगर इंजिन असं वाकत न्हाई. फौजेत त्यांनी गाड्या बघितल्या होत्या, पण जुन्या, काट्याच्या. ते माझ्याकडे वळले, मी दुजोरा द्यावा म्हणून. सेन्सर कोरडा पडतो, हे सांगायची ती वेळ होती. मी ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट पत्र्याने खरवडत राहिलो.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "मी इचारून चालवली."

"कुणाला इचारून?" सुभेदारांनी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली होती, पण त्यांचं बघणं मला माझ्या हातांवर जाणवत होतं. खरवडण्याचा आवाज मात्र मी थांबू दिला नाही.

"कुणाला न्हाई," त्या म्हणाल्या.

सुभेदार वाईट माणूस नव्हते. ओरडले नाहीत, टाकून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की आता बास झालं, म्हातारपणी घाटात जीव जायचा. वहिनींनी पिशवीतून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. मी समोर होतो.

इंजिन मी जीव लावून बांधलं. हेड घासून सपाट करायला फेसिंगला दिलं, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, सगळं नवं. एल्बो नवा, आणि तो लावताना त्याच्यावर बोट फिरवून तीनदा बघितला. मजुरी घेतली नाही. त्यावर सुभेदारांनी गावभर सांगितलं की असा मेस्त्री मिळायचा नाही. मी ती स्तुती ऐकून घेतली.

पुढे गाडी सुभेदारांचा पुतण्या चालवायचा. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची, जुनी गिऱ्हाइकं गाड्या घेऊन यायची, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. सुभेदारांची गाडीही यायची. वहिनी मागच्या सीटवर बसलेल्या असायच्या, मांडीवर नारळ. उतरून पूजेच्या जागी नारळ ठेवायच्या, मुलांची विचारपूस करायच्या, पुन्हा मागे जाऊन बसायच्या. मी गाडीचा आवाज कसा आहे विचारलं तर म्हणायच्या, त्याला विचारा, मला काय कळतंय त्यातलं. तिसऱ्या गिअरमधली टिकटिक ओळखणारी बाई असं म्हणायची आणि मी बरं म्हणायचो.

पुतण्याला वेळ असेल तेव्हा मिरजेला जाणं व्हायचं. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. सुभेदारांची नजर त्यानंतर अडीच-तीन वर्षांत पूर्ण गेली. ती तशीही गेली असती का, हे डॉक्टरच जाणोत. मी त्यांना विचारलं नाही, म्हणजे विचारायला धजलो नाही. एकदा विट्याच्या स्टँडवर मी दोघांना पाहिलं. वहिनी एका हाताने त्यांचा दंड धरून, दुसऱ्या हातात डॉक्टरांच्या कागदांची पिशवी घेऊन, गर्दीतून एसटीच्या दाराकडे जात होत्या. कंडक्टर घाई करत होता. मी उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा राहिलो, एसटी निघेपर्यंत. सुभेदार गेले तेव्हा मी मातीला गेलो. तिथंही मला तीच भीती होती, की आज कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही.

वहिनी मग मुलीकडे राहायला गेल्या. जावयाची बदली झाली होती, बिऱ्हाड साताऱ्यात आलं होतं. दोन वर्षांमागे त्यांचा फोन आला. नात नोकरीला लागली होती आणि जुनी गाडी घेत होती. वहिनी म्हणाल्या, "तुमी बगून सांगा मेस्त्री. दुसऱ्या कुणावर माझा इस्वास न्हाई." मी एसटीने साताऱ्याला गेलो. वाटेत कराड येईपर्यंत मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं.

गाडी तीच निघाली, म्हणजे त्याच जातीची. नातीने मला मोबाइलवर बघून सगळं वाचून दाखवलं, सीसी किती, व्हॉल्व्ह किती, लिटरला किती पळते. हुशार मुलगी. मी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. साखळी गप्प होती. एक कॉइल कमजोर वाटली. एल्बो बघितला, मूळचाच होता, पिवळट पडलेला. म्हणालो, हा आधी बदल. तिने विचारलं, फुटलाय का? मी म्हणालो, नाही, पण बदल.

आम्ही घरात येऊन बसलो. मुलीने पोहे केले होते. नात म्हणाली, आजी, तू चालवून बघ ना एकदा. आणि लगेच माझ्याकडे वळून, "नको पण, आमची आजी इंजिनं जाळण्यात फेमस आहे. लाल दिवा लागला तरी गाडी पळवते."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. तो त्या घरातला जुना विनोद होता, हे त्या हसण्यावरून कळत होतं. इतकी वर्षं प्रत्येक सणाला, प्रत्येक प्रवासाला तो निघत आला असणार.

पोहे झाल्यावर मुलगी आणि नात बाहेर गाडीवाल्याशी बोलायला गेल्या. आम्ही दोघंच उरलो. वहिनींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मेस्त्री, लय दिसांचं एक बोलायचं हुतं."

मी बशी खाली ठेवली.

"त्या दिशी दिवा लागला असंल. मलाच दिसला नसंल. ऊन हुतं समुरनं. मी तुमाला फोनवर न्हाई म्हणून सांगितलं, म्हणून तुमी चालवा म्हनलात. तुमची काय चूक? म्हणून मी ह्यांच्याम्होरं तुमचं नाव घेतलं न्हाई. पर मनाला खात हुतं, मेस्त्रींना आपण खोटं सांगितलं. माफ करा मला."

त्या दिवशी गॅरेजमध्ये त्या का गप्प राहिल्या, याचे मी नाना अर्थ लावले होते. त्यांना माझी कीव आली असेल, नाहीतर नवऱ्यासमोर वाद नको असेल. हे मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्यांनी संशय घेतला, माझ्या शब्दावर मात्र घेतला नाही.

मी म्हणालो, "असू द्या वहिनी. झालं ते झालं."

माझ्या तोंडून हे निघालं. त्यांनी मागितलेली माफी मी देऊन टाकली. त्यांचा चेहरा मोकळा झाला. इतका, की आता खरं सांगितलं तर तो पुन्हा मिटेल, असं मला वाटलं, आणि त्या वाटण्यामागे मी लपलो. नात आत आली, मी तिला पाणी सकाळी गार इंजिनावर तपासायचं, दिव्यावर विसंबायचं नाही, हे चार वेळा सांगितलं. दिव्यावर का विसंबायचं नाही, तेही सांगितलं, सेन्सर कोरडा पडण्यासकट. वहिनी त्या वेळी आत चहा टाकत होत्या. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. चहा घेऊन आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत.

पावसाळ्यानंतर पुन्हा जायचं ठरवलं होतं. कार्तिकात त्या गेल्या. थोडा ताप आणि मग चारच दिवस, असं मुलीने फोनवर सांगितलं. मी दहाव्याला गेलो. नदीवर माणसं बसली होती, पिंडाला कावळा लवकर शिवत नव्हता. लोक एकेक करून पुढे जात, मनात काही राहिलं असेल म्हणून हात जोडून शब्द देत. नातीचं लग्न बघू, मुलीला सांभाळू. भटजींनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? मी दोन पावलं पुढे गेलो. बाजूला त्यांची मुलगी, जावई, नात उभे होते. मी हात जोडले आणि तोंड उघडलं नाही. थोड्या वेळाने कावळा शिवला. नातीच्या नावाने कुणीतरी काही बोललं होतं, त्यावर.

हे लिहिलेलं मी त्या नातीला पाठवणार आहे. तिच्या आजीबद्दलचा तो विनोद निदान तिथून पुढे थांबावा. पण आजीला जे म्हणायचं होतं ते आजीलाच म्हणायला हवं होतं. साताऱ्याच्या त्या खोलीत, पोह्यांच्या रिकाम्या बश्या समोर असताना, कराडपर्यंत पाठ केलेलं मी एवढंच बोलायचं होतं: वहिनी, तुमच्या नजरेत काही खोट नव्हती. चीर मी झाकली, चालवा मी म्हणालो, आणि सुभेदारांनी विचारलं तेव्हा गप्प मी बसलो. तुम्ही माफी मागू नका. मला माफ करा.